लोडर, तयार?

शंकरआबांचा तो व्हिडिओ मी टाकला. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

माझं सांगलीत संगणकावरच्या खेळांचं दुकान आहे. फावल्या वेळात मी खेळांची तुलना करणारे व्हिडिओ करतो. आबा मूळचे वडूजचे, रणगाड्यावरचे निवृत्त दफेदार. सांगलीत लेकीकडे राहायचे. एकदा रस्त्यानं जाताना पडद्यावरचा रणगाडा दिसला म्हणून आत आले. मी त्यांना एक सोपा खेळ लावून दिला. त्यात रणगाडा मोटारसायकलीसारखा पळायचा, गोळा लागला की वरची हिरवी पट्टी जराशी कमी व्हायची, आणि फुटलाच तर लगेच नवा मिळायचा. पाच मिनिटांत आबांनी माऊस बाजूला सारला. "गड्या, ह्यात मराण फुकाट हाय रं. दुसरं काय हाय का?"

दुसरा होता. त्यात पट्टी नाही. तोफ सावकाश वळते, फटीतून दिसेल तेवढंच जग, आणि एका गोळ्यात आतला माणूस जातो. पडद्यावर त्याची जागा काळी पडते. माझी गिऱ्हाईकं त्याला कंटाळायची. आबा रमले. "ह्यात वाट बघाय लागती. वाट बघता आली तर रणगाडा, न्हाईतर नुसता पत्र्याचा डबा."

प्रत्येक गोळ्याआधी ते पडद्यावरच्या गोळा भरणाऱ्याला मोठ्यानं विचारायचे, "लोडर, तयार?" गोळा भरल्याची खूण पडद्यावर यायची, पण आबांना ती पुरायची नाही. ते उत्तरासाठी थांबायचे आणि तेवढ्यात शत्रूचा गोळा येऊन आदळायचा. दुकानभर हशा.

"आबा, त्यो काय बोलणार हाय व्हय?" मी एकदा म्हणालो.

"मग तू बोल की, मुडद्या!"

तेव्हापासून मी शेजारी बसून 'तयार' म्हणायला लागलो.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. तुलनेच्या व्हिडिओसाठी मी त्यांचं खेळणं रेकॉर्ड करत होतो; त्यांना सांगितलं नव्हतं. मी 'तयार' म्हणालो, तरी त्यांनी गोळा सोडला नाही. पडद्याकडे बघतच बोलू लागले. त्यांचा लोडर म्हादू, कवठे महांकाळचा. लोडरनं गोळा भरायचा, तोफेमागून बाजूला व्हायचं, 'तयार' म्हणायचं, मगच कमांडरनं हुकूम द्यायचा. कारण गोळा सुटताना तोफ मागं उसळते. "सरावाचा गोळीबार हुता. सायेब घड्याळ लावून उभा. म्हादूनं तयार म्हटलंच न्हवतं रं. मी हुकूम दिला." म्हादू जागीच गेला. चौकशीत चूक त्याचीच ठरली. आबा गप्प राहिले होते. "त्याच्या बायकूला आजून ठावं न्हाई. दिवाळी झाली की जातो. तोंडानं सांगतो."

मी ते कापलं नाही. खरा खेळ किती खरा, याला यापेक्षा चांगला शेवट कुठला मिळणार होता? व्हिडिओ चालला. लय चालला. फोनाफोनी फिरत कवठे महांकाळलाही पोहोचला.

दिवाळीनंतर आबा तिकडे गेले. दुसऱ्या दिवशी दुकानात आले, पण बसले नाहीत. वहिनींनी, म्हणजे म्हादूच्या बायकोनं, त्यांना दारातच अडवलं होतं. "आवं दफेदार, आदी जगाला सांगितलासा, मग मला व्हय?" एवढं म्हणून त्यांनी दार लावलं होतं.

"कुणी टाकलं रं?" आबांनी विचारलं.

"कुणीतरी गिऱ्हाईक असंल, आबा."

ते माझ्याकडे बघत थांबले. तोफ रोखून उत्तराला थांबायचे, तसेच. मी गल्ल्यातली चिल्लर मोजत राहिलो. मग "बरं" म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. उन्हाळ्यात वारले. मी मातीला गेलो, मागच्या मागं परत आलो.

व्हिडिओ मी काढून टाकला आहे. त्यानं वहिनींच्या मनातलं निघत नाही. आबांनी म्हादूच्या मरणाचा तमाशा मांडला, असंच त्या धरून बसल्या आहेत. कवठे महांकाळ इथून तासाभराच्या वाटेवर आहे. त्यांच्या दारात उभं राहून 'तो तमाशा मी मांडला, आबा तुम्हालाच पहिल्यांदा सांगणार होते' एवढं सांगायचं देणं मी लागतो.