एकशे सत्त्याहत्तरावे पान

शिलाईबाईंची आणि माझी ओळख प्रौढ शिक्षणाच्या वर्गात झाली. पहिल्या बाकावर आम्हा दोघींनाच बसवले होते, कारण दोघींनाही फळा नीट दिसत नव्हता. मला लांबचे दिसत नसे. त्यांना कडेचे काहीच दिसत नसे, हे पुढे कळले. त्यांनी मला जे सांगितले आणि जे माझ्यासमोर घडले, तेवढेच येथे क्रमाने लिहीत आहे.

शिलाईबाईंनी पुस्तक बांधणीच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षे काम केले आणि तेवढी सगळी वर्षे त्या अक्षरशत्रू राहिल्या. नव्या माणसाला याचे हसू येई. परंतु त्या कामाला वाचता येण्याची गरज नसते. छापून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे फर्मे क्रमाने एकावर एक रचायचे, दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची आणि पुठ्ठा चढवायचा. क्रम कळावा म्हणून प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण असते. त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या उतरत गेल्या की काम बरोबर. पायरी तुटली की चूक. शिलाईबाईंच्या हातची पायरी कधी तुटली नाही.

मालक सगळ्यांदेखत म्हणत, "बाई, तुम्हाला वाचता येत नाही तेच बरं. त्या दोघी शिकलेल्या बघा, शिवायचं सोडून वाचत बसल्यात."

सगळ्या हसत. शिलाईबाईही हसत. घरी जाताना मात्र ते हसणे त्यांना टोचत राही.

काम सुटल्यावर पासष्टाव्या वर्षी त्या वर्गात आल्या. दोन वर्षे जोडाक्षरांशी झटापट केल्यावर त्यांना दिवसाकाठी दोन पाने वाचता येऊ लागली, आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचे सांगितले. उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्या डोळ्याने नळीतून पाहावे तेवढेच दिसत होते.

"थेंब नियमित घाला. पण गेलेली नजर परत येत नाही, आजी."

"उरलेली किती दिवस पुरेल?"

"चार महिने, सहा महिने. खात्रीनं नाही सांगता येणार."

शिलाईबाईंनी दवाखान्याच्या बाकावरच बोटांवर हिशेब केला. दिवसाला दोन पाने, महिने चार. म्हणजे एक पुस्तक. सगळ्या जन्मात मिळून एक.

वर्गातल्या कपाटात शिकवणाऱ्या बाईंनी तीन कप्पे केले होते: प्रेमकथा, इतिहास आणि अद्भुत साहसकथा. कुठल्या कप्प्यात हात घालावा हे ठरवण्यात शिलाईबाईंचे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत बावीस पाने बुडाली हे त्यांना ठाऊक होते आणि त्यामुळे त्या आणखीच गोंधळत होत्या.

"प्रेमकथा घ्या, आई," सून म्हणाली. "मन रमेल तेवढंच."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय कळतंय! तुम्ही चष्मा लावून बसलात की सगळ्यांना पोथीच वाटते."

शेजारी एक निवृत्त पहारेकरी राहत असत. ते म्हणाले, "वहिनी, इतिहास वाचा. खरं घडलेलं असतं. बाकी सगळ्या थापा."

"खरं बघता बघताच डोळे गेले, भाऊजी."

नात म्हणाली, "आजी, उडत्या बेटांचं घे. त्यातली मुलगी ढगात राहणाऱ्या माणसांना शोधत जाते."

"सापडतात का?"

"हो, सहाव्या भागात."

"मग ते तूच वाच, बाळा. मला एकच भाग झेपायचा."

मनातून त्यांना प्रेमकथाच हवी होती, हे त्यांनी मला फार पुढे सांगितले. लग्नाच्या पाचव्या वर्षी त्यांचा नवरा कामासाठी बोटीवर गेला, तो परतला नाही. पत्र पाठवीन म्हणाला होता. पत्र आले असते तरी ते वाचायला परक्याच्या दारात जावे लागले असते. म्हणून ते आले नाही याचे दुःख करावे की सुटकेचा श्वास टाकावा, हे त्यांना तरुणपणी उमगले नाही आणि म्हातारपणीही उमगले नाही.

शेवटी त्यांनी निवड केली ती आपल्या धंद्याच्या रीतीने. तिन्ही कप्प्यांतली पुस्तके उलटी धरून त्यांनी पाठी चाचपल्या. "हे नुसतं चिकटवलंय. हेही. उन्हात ठेवलं की पानं सुटतील." मग एका जुन्या प्रेमकथेवर त्यांचा हात थांबला. शेवटच्या फर्म्याशी दोऱ्याची गाठ उलट्या बाजूने मारलेली होती. शिलाईबाई डावखुऱ्या होत्या. तशी गाठ कारखान्यात दुसरे कोणी मारत नसे.

"ही माझी गाठ," त्या म्हणाल्या. "हे दगा देणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीशी बसून एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागल्या. गोष्ट अशी होती : नदीपलीकडे नेणाऱ्या नावेची तिकिटे फाडणारी एक मुलगी आणि जमिनीची मोजणी करायला आलेला एक माणूस यांचे प्रेम जमते. माणूस निघून जातो. नऊ वर्षांनी त्याचे पत्र येते आणि ती ते न उघडता पिठाच्या डब्यामागे ठेवून देते. दोन प्रकरणे ते तिथेच पडून राहते.

शिलाईबाई पुस्तकावर खेकसत. "उघड ना गं! तुला वेळ आहे, मला नाही."

तीन महिने झाले. एकशे शहात्तराव्या पानाच्या तळाशी मुलीने हात पुसले आणि पाकीट फाडले. शिलाईबाईंनी बोट समोरच्या पानावर नेले. एकशे सत्त्याहत्तराव्या पानावर लिहिले होते की किल्ल्यातले धान्य संपत आले होते आणि तटावरच्या सैनिकांना आता मूठभर दाण्यांवर दिवस काढावा लागत होता.

त्यांनी ते चार वेळा वाचले. मग पुस्तक घेऊन वर्गात आल्या आणि माझ्यापुढे धरले. "दोन पानं चिकटलीत का बघ. की मलाच वाचता येत नाहीये?"

पाने चिकटलेली नव्हती. आकडेही बरोबर होते. मी वाचून दाखवले. वेढा, उपासमार, पुन्हा वेढा, शेवटच्या पानापर्यंत. त्यांनी पाठीचा कागद नखाने सोलला आणि पुस्तक डोळ्याजवळ नेले. पायऱ्या नीट उतरल्या होत्या, एकही तुटली नव्हती.

"तेव्हा दोन पुस्तकं एकाच आठवड्यात आली होती," त्या म्हणाल्या. "दोन्ही बारा फर्म्यांची. कागद तोच, माप तेच. बाराव्या फर्म्याची खूणही त्याच जागी. त्याचे गठ्ठे मी इकडचे तिकडे ठेवले असणार; याचा शेवट त्या इतिहासाच्या पुस्तकात गेला. माझी पायरी बरोबरच आहे. वाचता येणारीनं एक ओळ बघितली असती तरी कळलं असतं."

बाईंनी पुष्कळ खटपट केली. प्रकाशकाचे दुकान कधीच बंद पडले होते. लांबच्या एका ग्रंथालयात दुसरी प्रत निघाली. ती यायला पाच आठवडे लागले. तोपर्यंत शिलाईबाईंच्या डाव्या डोळ्यात सुईच्या नेढ्याएवढा उजेड उरला होता. प्रत माझ्या हातात होती. मी ते पान उघडले आणि पहिली ओळ वाचून पुस्तक मिटले.

"धान्य संपत आलंय ना?" त्यांनी विचारले.

मी होय म्हटले. त्यांनी हात पुढे करून गाठ चाचपली. तीही डावखुरी होती.

बाई कळवळून म्हणाल्या, "मी सांगू का पुढचं? तो बहुतेक परत येतो, आणि मग..."

"बहुतेक नको," शिलाईबाई म्हणाल्या. "बहुतेकवर चाळीस वर्षं काढली मी."

आता त्यांना काही दिसत नाही. सून जुनी वर्तमानपत्रे देते. त्या खिडकीशी बसून त्यांच्या सोळा पानांच्या घड्या घालतात आणि कडेला रचून ठेवतात. मी नवीन पुस्तक वाचून दाखवू का, असे विचारले तर मान हलवून नको म्हणतात. त्या इतिहासाच्या पुस्तकाचे नाव त्यांना माहीत नाही, कारण तेव्हा त्यांना वाचता येत नव्हते. पुठ्ठा मातकट पिवळा होता, इतकेच आठवते.

वर्गाला येण्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी बाकावर माझा हात धरला होता.

"तुला अजून दिसतंय. कुठं इतिहासाचं जुनं, पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक दिसलं, तर एकशे सत्त्याहत्तरावं पान तेवढं उघडून बघ."