सरांची गाठ आणि काकींचा नवस

सरांपुढे कुठलाही बेत मांडा, उत्तर एकच मिळायचं, "रिपोर्ट होऊ दे, मग बघू." पुतणीचं लग्न असो की घराची कौलं बदलणं, सगळं त्या रिपोर्टापाशी येऊन अडायचं. कळंबच्या शाळेतून ते निवृत्त झाले त्याच सुमारास पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं साध्या पित्ताचं होतं, पण उजव्या मूत्रपिंडावर पाण्याची गाठ दिसली आणि सर तिथेच अडकले.

मी त्यांचा जुना विद्यार्थी आणि शेजारी. गाडी माझ्याकडे, म्हणून सीटी स्कॅनला बोरिवलीला मीच न्यायचो. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, "अशा गाठींचे चार वर्ग असतात. पहिल्या दोन वर्गांतल्या निरुपद्रवी. चौथ्यातल्या बहुतेक कर्करोगाच्या, त्या काढायच्याच. तुमची दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली. आत बारीक पडदे आहेत. कापायची नाही, पण विसरायचीही नाही. आधी सहा महिन्यांनी, मग दरवर्षी स्कॅन करायचा." परतताना सर म्हणाले, "जन्मभर पोरांना वर चढवलं. आता हिला वर चढू द्यायचं नाही." त्यानंतर या विषयावर ते कधी हसले नाहीत.

काकी म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनी कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलला. ह्यांना सुखरूप ठेव, दोघं पायऱ्या चढून दर्शनाला येऊ. पहिल्या फेरतपासणीत गाठ होती तेवढीच निघाली. काकी लगेच म्हणाल्या, "आईनं नवस ऐकला ना? आता चला."

"डॉक्टर संपलं म्हणत नाहीत तोवर नवस पुरा कसा झाला?" सर शिस्तीचे.

"तवर माझं गुडघं थांबनार हायेत काय?"

पुढच्या वर्षीही तेच बोलणं, आणि त्याच्या पुढच्याही. एसटीच्या धक्क्यानं गाठ फुटेल, पाण्याचा हंडा उचलला तर फुटेल, म्हणून सर ओसरी सोडेनात. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही. एकदा ते म्हणाले, "दार उघडंच आहे रे. पण पाऊल टाकायला गेलो की वाटतं, ती आत वाढत असली तर?"

शेवटी एका स्कॅननंतर डॉक्टर म्हणाले, "इतक्या वर्षांत काही बदल नाही. आता येऊ नका." सर तिथेच रडले. तोवर काकींना काठी घेऊनही अंगणाबाहेर जाता येत नव्हतं.

तरी आम्ही कार्ल्याला गेलो. डोलीत बसायला काकी तयार होईनात. चढून येईन असं बोलल्या होत्या. "तुमी जावा वर," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

सरांनी वर पाहिलं आणि काकींच्या शेजारी पायरीवर बसले. नारळ माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू जा. आईला सांग, उशीर हिनं नाही केला, मी केला."