वादी, प्रतिवादी आणि एक ताट

उतारूची उलटतपासणी घेतल्याशिवाय त्याला खाट न देणारा लॉजमालक अख्ख्या भारतात एकच झाला, आणि तो वाशीमला झाला. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. फवारणीचे पंप विकत मी महिन्यातून एकदा अकोल्याहून वाशीमला यायचो आणि स्टेशनाजवळच्या त्यांच्या लॉजात उतरायचो. खाली मामा-मामी राहायचे आणि लाकडी जिन्यानं वर गेलं की सात खोल्या. खोल्यांना नंबर नव्हते. "नंबर जेलात असते," असं मामांचं मत. म्हणून एक तलाठ्याची खोली, एक नवरदेवाची खोली आणि अगदी टोकाची ती घोरणाऱ्यांची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "घोरता का?" मी म्हणालो, "मी झोपलेला असतो, मला कसं कळणार?" मामा म्हणाले, "म्हंजे घोरता," आणि मला टोकाला धाडलं.

गाव कोणतं, काम काय, जेवले का, घरून भांडून तर निघाले नाहीत ना, एवढं सगळं उरकल्याशिवाय किल्ली मिळत नसे. मुलगी पाहायला आलेल्या मुलाला नवरदेवाची खोली मिळे, कारण लॉजातला एकमेव धड आरसा तिथं होता. मामा त्याच्या शर्टाला स्वतः इस्त्री करत आणि बोलावणं नसताना त्याच्याबरोबर मुलीच्या घरीही जात. एकदा तिथले पोहे खाऊन त्यांनी मुलाच्या वतीनं परस्पर होकारच देऊन टाकला. बरं, माणसं अशी की ते लग्न झालं, आणि पुढं ते जोडपं पाया पडायला आलं ते थेट लॉजवर! तेव्हापासून मामांना आवर घालणं मामींनीही सोडून दिलं.

पण मामांचा खरा जीव कोर्टाच्या तारखांवर. वाशीमच्या कोर्टात आजूबाजूच्या गावांतून माणसं तारखेला येत आणि आदल्या दिवशी मुक्कामाला राहत. वादी आला की मामा प्रतिवादीची वाट पाहत, आणि दोघं एकमेकांचे कोण हे कळलं की त्यांना एकाच खोलीत घालून जेवायला एकच ताट पाठवत. "एका ताटात जेवले का मानसाचा आवाज उतरते," ते सांगत. किती दावे मिटले ठाऊक नाही, पण मामा बोलायला लागले की अर्धं कोर्ट ओस पडल्यासारखं वाटे.

याच सुमाराला एका कंपनीची नजर लॉजवर पडली. या कंपनीची तीन-चार शहरांत एकाच नावाची लॉजं होती; सगळीकडे तोच रंग, त्याच चादरी. मामांचे गुडघे गेले होते. दिवसातून वीस वेळा जिना चढायचा आणि प्रत्येक पायरीवर तोंड वेडंवाकडं करायचं. "देऊन टाका, अन् बसा एका जागी," मामी म्हणाल्या, आणि मामा चक्क हो म्हणाले. कंपनीचे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. मला ऐकून वाईट वाटलं, पण मी कोण बोलणारा?

त्या दिवशी मी तिथंच होतो. वाशीमजवळच्या मालेगावकडचे एक भाजीवाले बागायतदार तारखेला आले होते. धुऱ्याचा वाद, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचा. शेजारी वारला होता आणि दावा आता त्याचा अकोल्याचा जावई चालवत होता. बागायतदारानं त्याला अजून पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळी अकोल्याच्या गाडीनं एक चष्मेवाला पाहुणा उतरला. मामांनी गाव विचारलं. त्यानं अकोला सांगितलं. बस! पुढचं ऐकून न घेता मामांनी त्याला बागायतदाराच्या खोलीत नेऊन बसवलं आणि खाली येऊन ताट वाढायला सांगितलं.

आत काय झालं ते बागायतदारानंच सकाळी आम्हाला सांगितलं. त्यानं ताटातच दोन भाकरी ठेवल्या, हे तुमचं वावर, हे माझं, आणि मधे ठेच्याची रेघ ओढली, हा धुरा. पाहुणा भुकेला होता. त्यानं निमूटपणे ठेचा पुसून खाल्ला आणि वर "फारच छान" म्हणाला. "सोडला ना त्याईनं धुरा!" बागायतदार आनंदानं सांगत होता, तेवढ्यात पहिल्या गाडीनं आलेला खरा जावई आपलं नाव सांगत दारात उभा राहिला. बागायतदारानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "मंग काल जेवला थो कोन?"

जेवले होते ते कंपनीचे साहेब. चहा घेताना तेही पोट धरून हसले. माणूस खरंच चांगला होता. म्हणाले, "मामा, गल्ल्यावर तुम्हीच बसा, जिना आमची माणसं चढतील. फक्त येणाऱ्याला नाव-गाव विचारायचं, बाकी काही नाही. आमच्या सगळ्या लॉजांत तसंच चालतं."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जेवले का, हेबी नाई?"

"नाही."

"मंग मी तठी बसून करू काय, साहेब?"

साहेब सौदा न करताच गेले. त्यांनी चादरी मात्र पाठवून दिल्या आणि पुढं वाशीमला आले की मामांकडेच उतरू लागले. साहेब गेले त्याच दिवशी मी निघायला वर बॅग भरत असताना मामा मागून जिना चढून आले. कठड्याला धरून त्यांनी दम घेतला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "चुकलो का रे मी?"

"छे! चुकलात कसले?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो. त्यांचा चेहरा असा फुलला की मला मी फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मामा चार वर्षं तो जिना चढले. माझ्या दर महिन्याच्या फेरीला माझ्यासाठी स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन येत, दर वेळी जरा जास्त उशिरानं, आणि मी खाटेवर पडल्या पडल्या त्यांची वाट पाहायचो. खूप आनंदाचे दिवस होते ते. आज माझेच गुडघे बोलू लागलेत, तेव्हा कळतं की त्यांनी विचारलं होतं स्वतःबद्दल, आणि मी उत्तर दिलं होतं माझ्या सोयीचं.