हळदीचा उजेड

सरिता म्हणजे पोंभुर्ण्याच्या वामनरावांची थोरली. बोलायला तिखट, पण सुई टोचायला हात असा हलका की पोरं रडायचं विसरत. २००६च्या सुमारास ती गावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात रक्त तपासायची. नागपूरच्या एका संशोधकानं तिच्या टेबलावर चाचणीसाठी एक पेटी आणून ठेवली होती. पेटीतल्या चकतीवर डोळ्याला न दिसणारे कण. रक्ताचा थेंब टाकायचा, निळा दिवा लावायचा. रक्तात पोटॅशियम जितकं जास्त, तितके ते कण हिरवे चमकायचे. एरवी चंद्रपूरहून रिपोर्ट यायला दुसरा दिवस उजाडायचा. सरिताला त्या पेटीचं कोण कौतुक!

ऐन लग्नसराईत ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातल्या देवकाबाई आपल्या सूरजला घेऊन आल्या. आदल्या दिवशी हळद लागलेली, तेव्हापासून जुलाब, अन् आता पायांत उभं राहायचं त्राण नाही. नवरदेव पिवळाधम्मक, हातातली कट्यार तेवढी सोडायला तयार नाही. लग्नाआधी हळद पुसायची नाही, असं देवकाबाईंनी बजावलं. सरितानं त्यांचं मन राखलं. बोटाला स्पिरिटचा बोळा नुसता टेकवला अन् थेंब घेतला.

पेटी लखलखली. पोटॅशियम पार वर! डॉक्टर चक्रावले. जुलाबानं ते उतरायला हवं, चढलं कसं? उतरलं असेल तर सलाईनमधून द्यायला हवं. चढलेलं असताना दिलं तर हृदयच बंद पडायचं. अन् पोरगा तर डोळ्यांदेखत ढिला पडत चाललेला.

सरितानं कण नसलेली कोरी चकती घेतली, त्याच बोटाचा थेंब टाकला, दिवा लावला. तीही चमकली! थेंबात उतरलेली मेली हळदच निळ्या दिव्याखाली उजेड पाडत होती.

तिनं साबण-पाणी मागवलं. देवकाबाई आडव्या आल्या, अपशकून होईल म्हणाल्या.

"हळद पुन्हा लावता येते, बाई," सरिता म्हणाली. "पोरगा कुठून आनसान?"

देवकाबाईंनी स्वतःच मुलाचा हात घासून धुतला. आता कोरी चकती अंधारीच राहिली. कणांच्या चकतीवर जेमतेम मिणमिण; पोटॅशियम तळाला गेलेलं. डॉक्टरांनी सावकाश सलाईन सुरू केलं. संध्याकाळी सूरजनं पाय उचलला, तेव्हा सरिता टेबलामागं जाऊन पोटभर रडली.

लग्न थोडं पुढं गेलं. हळद पुन्हा ठरली. सरिता, नात्याची ना जातीची, मांडवाच्या कडेला उभी होती. देवकाबाईंनी हळदीची वाटी तिच्याच हातात दिली.

"तुनं पुसाले लावली, आता पयली तूच लाव."

दुसऱ्या दिवशी सरिता दवाखान्यात आली ती पेटीला हात न लावता थेट नळावर गेली, अन् पिवळे हात साबणानं कितीतरी वेळ घासत बसली.