पस्तावा न झालेल्या मार्थाबाई

परभणीच्या चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायला सगळे बाक रिकामे व्हायचे, तेव्हा मागच्या बाकावर मार्थाबाई एकट्याच बसून राहायच्या. मान खाली नाही, डोळे मिटलेले नाहीत. पदर सारखा करून रांगेकडे बघत. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा सासूबाईंना कारण विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तिचं तिला ठाऊक."

मार्थाबाई झरी गावाकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. गावोगावच्या बायांना पाळणा लांबवायला गोळ्या द्यायच्या, तांबी बसवायच्या. कुणाचा नवरा आडवा आला तर त्याच्याच उंबऱ्यात उभ्या राहून सुनवायच्या, "कळा तुमाला येनार हायत का? मग गप ऱ्हावा."

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके आले. दोन दिवस मला शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी बजावलं, तिसरं नको. माझ्या नवऱ्याने, जॉनने, फादरांना विचारलं. ते मायेनेच म्हणाले, दिवस पाळा, संयम ठेवा. बाकीचे उपाय चर्चला मान्य नाहीत. सासर कॅथलिक, पण माझं माहेर प्रोटेस्टंट. तिथले पाळक म्हणाले, दोघांनी प्रार्थना करून ठरवा, तांबीत पाप नाही. देव एकच, बायबल एकच, मग हे काय? त्यात माझी पाळी कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. पाळायचे तरी कुठले दिवस? जॉन पलीकडच्या खोलीत झोपू लागला. आम्ही दोघंही चिडचिडे झालो, आणि नेमके कुणावर चिडलोय तेही कळेना.

शेवटी मी मार्थाबाईंकडे गेले. त्या लसींचा डबा धूत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मला नर्स म्हनून इचारायलीस का चर्चमधली म्हनून?"

"दोन्ही."

"नर्स म्हनून सांगते, उद्याच ये. चर्चमधली म्हनून..." त्यांनी डबा पालथा घातला. "मला न्हाई ठाव, पोरी. तिसऱ्या लेकराच्या टायमाला माझं लय रक्त गेलं व्हतं. मंग मी सोताच बसवून घेतली. फादर म्हनले, पापनिवेदन कर, पस्तावा झाला म्हन, मंगच परसाद घे. मला झालाच न्हाई. देवापुढं लबाड कसं बोलू? म्हनून परसाद घेत न्हाई."

"मग चर्चला येता कशाला?"

"फादरचं खोटं हाय असं बी वाटत न्हाई ना!"

उत्तर मिळेल म्हणून गेले होते, गोंधळ दुप्पट घेऊन आले. जॉनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला तू पाहिजेस. त्यापुढचं मला काही कळत नाही."

मी तांबी बसवून घेतली. मार्थाबाईंनी हात धुतले, क्रुसाची खूण केली आणि कामाला लागल्या. ती खूण माझ्यासाठी होती की स्वतःसाठी, विचारायचं राहूनच गेलं. मी मात्र ख्रिस्तप्रसाद घेत राहिले. कधी निर्धास्त, कधी चोरासारखी.

दोन वर्षांपूर्वी मार्थाबाई झोपेतच गेल्या. शेवटच्या पापनिवेदनासाठी फादरांना बोलवायलाही वेळ मिळाला नाही.

यंदा माझ्या थोरलीचं लग्न ठरलं. चर्चच्या विवाहपूर्व शिबिरात दिवस पाळण्याबद्दल ऐकून परत आली आणि चप्पल काढता काढताच तिने विचारलं, "आई, तू आणि पप्पांनी काय केलं होतं?"

मी काही लपवलं नाही. झटके, तांबी, मार्थाबाई, सगळं सांगितलं.

"मग बरोबर काय?"

"मला अजून कळलेलं नाही गं."

तिने चप्पल कोपऱ्यात सारली. मग शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बरं झालं, कळल्यासारखं बोलली नाहीस."