नखाच्या कडेचा पुळा

त्या सकाळी मी एकावर एक दोन हातमोजे घातले होते. उजव्या हाताच्या बोटावर, नखाच्या कडेला पुळा आला होता आणि तो मला कुणाला दाखवायचा नव्हता.

हिंगोलीच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागून मला दुसराच महिना होता. ड्रेसिंगचं काम मला आवडायचं, त्यात फार बोलावं लागत नाही. पुळ्याचं सांगितलं तर ते काम काढून मला नोंदणीच्या खिडकीवर बसवणार, हे ठाऊक होतं. दिवसभर अनोळखी माणसं. त्यापेक्षा दोन मोजे बरे.

पाचव्या खाटेवर कळमनुरीकडच्या शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या आजी होत्या. त्यांच्या पायाच्या जखमेत साध्या औषधांना दाद न देणारे जंतू निघाले होते. मी पट्टीला हात लावणार, तोच त्या म्हणाल्या, "दोन दोन मोजे काहून गं? काय दडवून राहिली?"

"काही नाही, आजी."

"दाखव."

का कोण जाणे, मी मोजे काढले.

"हे माझ्याच पायाचं हाय. आमच्यात एखादी शेळी अशी झाली की तिला अलग बांधतेत. तिचं करणारं माणूस बी दुसरीला हात लावत न्हाई."

"पण आजी, मोजे..."

"तू शेळीहून शहाणी हायेस का?"

शेजारच्या खाटेवरची मुलगी पोट धरून हसली. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन तिला दोनच दिवस झाले होते. काल तिचे टाके मीच पुसले होते, आणि आज यादीत पुढचं नाव तिचंच होतं. माझे कान तापले.

मी सरळ इन्चार्ज सिस्टरांकडे गेले. त्या रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, "कालही ड्रेसिंग केलंस?" मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्या बोटाचा पू तपासणीला पाठवला आणि त्या मुलीचे टाके स्वतः बघायला गेल्या.

जंतू आजींच्या पायातलेच निघाले. मला औषध सुरू झालं आणि मी खिडकीवर. पहिल्या दिवशी माझा आवाज काचेपलीकडे पोचत नव्हता. तिसऱ्या दिवशी आजींची सून निरोप घेऊन आली: "आत्याबाई विचारून राहिल्या, अलग बांधलेली नीट खाती का?" रांग हसली, मीही हसले.

त्याच आठवड्यात ती मुलगी घरी निघाली. डिस्चार्जचा कागद शिक्क्यासाठी माझ्याकडे आला. टाके कोरडे, ताप नाही. मी तो दोनदा वाचला.

"ओ मॅडम, किती वेळ?" मागून कुणीतरी ओरडलं.

"थांबा जरा," मी म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात, आणि शिक्का मारला.