मिल्काने मान हलवली तो शुक्रवार

अश्केलोनच्या त्या इस्पितळात इंग्रजी बोलणारा पेशंट आला की एकच हाक जाई: “मिल्काला बोलवा!” मिल्का पेणकर मुंबईत नर्सिंग शिकली होती. तिथे लेक्चरं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, मेट्रनची बोलणीही इंग्रजीतच. इस्राएलात आल्यावर मात्र तिला हिब्रू पहिल्या अक्षरापासून गिरवावी लागली आणि काल आलेल्या पोरींच्या हाताखाली बेडपॅन उचलावे लागले. पण सदुसष्टच्या लढाईनंतर संत्री तोडायला आणि गोठे सांभाळायला किबुत्झांवर, म्हणजे तिथल्या सामुदायिक शेतांवर, परदेशी तरुण येऊ लागले. ते आजारी पडू लागले, आणि मिल्काला अचानक भाव आला.

आत काय चाललंय ते तिचं तिलाच ठाऊक होतं. प्रश्न विचारायला ती पक्की होती. कुठे दुखतं, केव्हापासून दुखतं, पोट साफ झालं का, सगळं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. उत्तरं मात्र पुस्तकातली नसत. कुणी नाकात बोले, कुणी शब्द गिळून टाकी. “पुन्हा सांगता का?” हे तिच्या ओठांवर येई आणि तिथेच अडे. मेट्रनसमोर ‘समजलं नाही’ म्हणायची चोरी होती, ती सवय अजून सुटली नव्हती. मग ती मान हलवी, अंदाज बांधी आणि डॉक्टरांना हिब्रूत काहीबाही जुळवून सांगे. आजवर निभावलं होतं. आज नाहीतर उद्या हे अंगाशी येणार, असं वाटून कधीकधी रात्रपाळी नसतानाही तिचा डोळा लागत नसे.

त्र्याहत्तरच्या योम किप्पूरच्या लढाईनंतरच्या वर्षीची गोष्ट. शुक्रवार होता, दुपार कलली होती. सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे कामं बंद, बसही बंद; सगळ्यांना त्याआधी घर गाठायची घाई. तेवढ्यात किबुत्झवरचा इयन नावाचा एक तांबड्या केसांचा स्कॉटिश पोरगा हात फडक्यात गुंडाळून आला. अंगठ्याखाली दोन बारीक जखमा होत्या.

“कसं झालं?” डॉक्टरांनी विचारलं. ते रुमानियाचे, त्यांना फ्रेंच येई, इंग्रजी नाही.

मिल्काने विचारलं. इयन हसत भराभरा काहीतरी बोलला. त्यातले ‘कब’ आणि ‘निप’ एवढे दोनच शब्द तिच्या हाती लागले. कब म्हणजे शाळेतल्या स्काउटांची लहान पोरं, एवढं तिला माहीत होतं. आणि निप? स्निप असेल. ऑपरेशन थिएटरात टाके कापताना सर्जन म्हणत, तसं. बागेत छाटणी चालू होतीच. तिने मान हलवली.

“कुणा पोराच्या हातून कात्री लागली,” ती डॉक्टरांना म्हणाली.

जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. इयन शीळ घालत गेला.

घरी मेणबत्त्या लागल्या. मनुकांच्या सरबतावर किद्दूशची प्रार्थना म्हणून झाली. नारळाच्या दुधातल्या कोंबडीचा वास घरभर सुटला होता, पण मिल्काचा घास तोंडातच फिरत होता. कात्रीची जखम लांब असते. या दोन टोचल्यासारख्या होत्या, शेजारी शेजारी.

“मामंजी,” तिने सासऱ्यांना विचारलं, “इंग्रजीत निप म्हणजे काय हो?”

सामाजी उमेदीत पुण्याच्या छावणीत एका गोऱ्या मेजरच्या बंगल्यावर बेरर होते. ते खुलले. “निप? अगं, मडमेची कुत्री व्यायली होती. पिल्लं माझ्या घोट्याला लागायची, तर ती म्हणायची, संभाळ सामा, ही निप करतात. बारीक चावा, दुसरं काय.”

“आणि कब?”

“वाघाचं, कोल्ह्याचं पिल्लू. साहेब शिकारीवरनं आणायचे ना.”

मिल्काने ताट बाजूला सारलं. कोल्ह्याचं पिल्लू माणसाच्या इतकं जवळ येतंच कसं? पिसाळलेल्या जनावराला भय राहत नाही, हे तिने मुंबईतच पाहिलं होतं. पाण्याचा पेला पाहून किंचाळणारा एक हमाल तिला आठवला. एकदा ते सुरू झालं की डॉक्टर काय, कुणीच काही करू शकत नाही.

“मी निघते,” ती उठली.

“शब्बाथला? आणि बस कुठली आता?”

“चालत जाते. माणसाचा जीव आहे, मामंजी.”

सामाजींनी पुढे अडवलं नाही. रस्ते ओस पडले होते. खिडक्याखिडक्यांतून गाणी ऐकू येत होती आणि ओसाड प्लॉटांपलीकडे कोल्हे ओरडत होते. रोजचाच तो आवाज, पण आज तिने पदर कानांवर ओढून घेतला.

डॉक्टर इस्पितळातच होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “मी चुकीचं सांगितलं. मला त्याचं बोलणं समजलंच नव्हतं. त्याला कोल्ह्याचं पिल्लू चावलंय.”

 डॉक्टरांनी लगेच फोन उचलला.

किबुत्झवरून उत्तर आलं, इयन पट्टी बांधून आला आणि पाठीला पिशवी लावून दक्षिणेकडे निघून गेला. कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. आणि ते पिल्लू? गोठ्यामागच्या खोक्यात मरून पडलं होतं, तोंडाला फेस आलेला. तपासणीत ते पिसाळलेलंच निघालं.

नंतरचे दिवस मिल्काने कसे काढले, ते तिने नवऱ्यालाही नीट सांगितलं नाही. पोलिसांना इयन शेवटी एलातच्या किनाऱ्यावर सापडला, हसरा आणि धडधाकट. त्याला परत आणून रोज पोटात इंजेक्शनं द्यायला सुरुवात झाली. ती मिल्काच देई. तो कळवळे, शिव्या घाली, आणि ती म्हणे, “हळू बोल. सोप्या शब्दांत. आणखी एकदा.” तो वाचला.

पण एका सकाळी सुई टोचून घेताना तो सहज म्हणाला, पिल्लाला बाटलीने दूध पाजायची ती हेलन, मी नव्हे. ते तिची बोटं चाटायचं. संत्र्याच्या झाडांच्या काट्यांनी तिची बोटं कायम चिरलेली असत.

“हेलन कुठे आहे?”

“घरी गेली. त्याच शुक्रवारी तिचं विमान होतं.”

मिल्काने तेच पुन्हा विचारलं आणि दोनदा वदवून घेतलं. पिसाळलेल्या जनावराची लाळ चिरेतून आत गेली तरी पुरे होतं. ती डॉक्टरांकडे धावली. वकिलातीला फोन झाले, तिथून पुढे तार गेली. हेलनचं आडनाव इयनला नक्की आठवत नव्हतं, गाव तर मुळीच नाही. उत्तर आलं नाही.

पुढे मिल्का बरीच वर्षं त्या इस्पितळात होती. दालिया, ओरना अशा नव्या नर्सेसना ती इंग्रजी शिकवी, आणि पहिल्याच दिवशी मुंबईचं पुस्तक बाजूला सारून त्यांच्याकडून ‘मला समजलं नाही’ हे वाक्य मोठ्याने म्हणवून घेई. पोरी हसत. ती हसत नसे. वॉर्डात कुणी परदेशी मुलगी दाखल झाली, की बोलावणं येण्याआधीच मिल्का दारात येऊन उभी राही आणि तिचे हात बघे.